चोपन्नच्या आत

“उतरू नकोस. सायकल उचलून धर, सरळ उभी राहा. आणि श्वास रोख.”

“श्वासालाही वजन असतं का हो, थोरवडे?” मी गल्ल्यावरून विचारलं.

“काटा डुलतो, वहिनी,” ते म्हणाले. थट्टा त्यांना लागतच नसे. मी पुष्कळदा प्रयत्न करून पाहिला होता.

काट्यावर त्यांची मुलगी ईश्वरी उभी होती, सतरा वर्षांची, उंच, सायकल छातीशी धरून. काटा पोती तोलायचा, लोखंडी, जमिनीवर बसवलेला. आमच्या सायकलींच्या दुकानात तो कुठून आला असं नवं गिऱ्हाईक हमखास विचारतं. माझ्या सासऱ्यांचं इथं भुसार मालाचं दुकान होतं. ज्वारी गेली, गूळ गेला, काटा राहिला. त्याला उचलून न्यायला चार माणसं लागतात आणि कऱ्हाडात चार माणसं एका वेळी मोकळी सापडत नाहीत.

विलास थोरवड्यांनी दांडीवरचं वजन बोटाच्या टोकानं सरकवलं, मागं घेतलं, पुन्हा सरकवलं. हे काम त्यांच्या हातात मुरलेलं होतं. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर ते बसत. उसानं भरलेली गाडी आली की तिचं वजन, रिकामी होऊन निघाली की पुन्हा वजन, आणि मधली वजाबाकी म्हणजे ऊस. त्यात आयुष्य गेलेलं. माणसं, मोळ्या, बैल, सगळ्यांकडे ते भरलेली गाडी म्हणूनच बघत.

“चोपन्न सातशे,” ते म्हणाले. “अजून भरपूर आहे.”

“किती हवंय?”

“चोपन्नच्या आत. पोरगी आणि सायकल मिळून.”

महिनाभरानं भैरोबाच्या घाटात राज्याच्या संघासाठी निवड-शर्यत होती. पायथ्याच्या कमानीपासून माथ्यावरच्या देवळापर्यंत नुसता चढ. मुलींमधून पहिल्या दोघी जाणार. ईश्वरी शाळेला सायकलनं जायची ती हळूहळू सगळ्यांच्या पुढं जायला लागली, मग स्पर्धा, मग ढाली. चढावर प्रत्येक किलो मागं ओढतो हे थोरवड्यांनी कुठंतरी वाचलं आणि त्यांना पोरीच्या सायकलिंगमध्ये अखेर आपल्या विषयाचं काहीतरी सापडलं. घरात माणूस तोलायचा छोटा काटा होता, पण त्यावर सायकलसकट उभं राहता येत नाही. म्हणून रविवारी आमच्याकडे.

ईश्वरी काट्यावरून उतरली. सायकल भिंतीला लावताना तिचं घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत घसरलं. तिनं ते खाली ओढून घेतलं. पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली वेडीवाकडी भोकं होती. आईचं घड्याळ असेल, असं मला वाटलं.

“काकू,” ती म्हणाली, “तुमच्याकडची सगळ्यात हलकी चाकं दाखवा ना.”

सायकल हलकी करून घ्यायला येणारी माणसं मी आयुष्यभर बघत आलेय. एक डॉक्टर बारीक बारीक स्क्रू बदलून नेतात, चमचाभर वजन कमी झालं म्हणून खूश होतात, आणि दुकानाच्या पायरीवर उभे राहून समोरच्या बेकरीतले दोन बटाटेवडे खातात. त्यांची सायकल हलकी होते आणि बेकरीवाल्याचा गल्ला जड. मी कुणालाच काही म्हणत नाही. गिऱ्हाइकाला आरसा दाखवायचा तर त्याचे वेगळे पैसे घ्यायला हवेत.

पण ही पोरगी वेगळी वाटली, आणि खरं सांगायचं तर आवडली नाही. शर्यतीची मुलं आधी वेग विचारतात, मग मजबुती, आणि किंमत ऐकली की बापाकडे बघतात. हिनं नुसतं वजन विचारलं.

माझ्या यजमानांना सगळं गाव आप्पा म्हणतं, मीही म्हणते. आप्पांनी तीन जोड्या काढून बाकावर ठेवल्या.

“ही बघ, खोल रिमची. दिसायला झोकदार, सपाटीला बरी. पण घाटात आडवा वारा लागला की तुझ्यासारखीला सायकलसकट दरीत नेऊन ठेवेल. ही मधली, ॲल्युमिनियमची. आत्ताच्यापेक्षा हलकी आहे, खड्डा लागला तरी सांभाळून घेईल. मी सांगेन तर ही घे.”

“आणि ती?”

तिसरी जोडी कार्बनची होती. उथळ रिम, मोजक्या तारा. हातात घेतली की पापड उचलल्यासारखं वाटायचं. टायर गोंदानं रिमला चिकटवलेलं.

“ती चढासाठीच केलेली,” आप्पा म्हणाले. “पण पंक्चर झाली तर रस्त्यावर काही करता येत नाही. चाकच बदलावं लागतं. आणि सरावाला वापरायची नाही, शोभेची वस्तू आहे.”

“शर्यतीत मागं तुमची जीप असते ना चाकं घेऊन?”

“असते.”

“मग हीच.” तिनं चाक वडिलांच्या हातात दिलं. “पप्पा, जुन्यापेक्षा पाऊण किलो कमी आहे.”

थोरवड्यांनी ते उजव्या हातात तोललं, डाव्या हातात तोललं, नंतर काट्यावर ठेवलंच. किंमत मी सांगितली. त्यांची पापणी लवली नाही, पण गालात काहीतरी हललं.

“पप्पा, आकडा एकच बघायचा ना? माझं वेगळं आणि सायकलचं वेगळं असं नाही ना?”

“एकच. काट्याला काय कळतंय, हाड कुठलं आणि लोखंड कुठलं?”

“नक्की?”

“अगं, नक्की. चोपन्नच्या आत म्हणजे चोपन्नच्या आत.”

ईश्वरीनं मान हलवली आणि तिचा चेहरा असा काही उजळला की मी मनात म्हटलं, बघा, ढाली मिळायला लागल्या की पोरांचे हट्ट किती वाढतात. बाप झिजतोय, हिला कार्बन पाहिजे.

“गोंद सुकायला दोन दिवस लागतील,” आप्पा म्हणाले. “मंगळवारी या.”

मंगळवारी दुपारी ती एकटी आली. थोरवडे पाळी सुटल्यावर येणार होते. आप्पांनी नवी चाकं बसवून ठेवली होती. त्यांनी मागचं चाक बोटानं फिरवलं आणि ते इतका वेळ आवाज न करता फिरत राहिलं की तिघंही बघत बसलो.

“काकू, वजन करून बघू?”

“पप्पा येतील की.”

“आत्ता करू ना.”

ती काट्यावर चढली. श्वास न सांगताच रोखला. दांडी मीच सरकवली. चोपन्नपाशी नेली तरी पलीकडची बाजू उचलेना, थोडी अलीकडे आणली तेव्हा तरंगली.

“झालं,” मी म्हटलं. “आत आहेस. केसभर का होईना.”

ती सायकल आप्पांच्या हातात देऊन जवळजवळ उडी मारूनच उतरली, रस्ता न बघता पलीकडे पळाली, बेकरीतून कागदी पिशवी घेऊन परत आली आणि आमच्या टायरांच्या राशीमागं जी हातभर जागा आहे तिथं जाऊन उभी राहिली. मी वाकून बघितलं. भिंतीकडे तोंड करून ती क्रीमरोल खात होती. घाईनं नाही. जिभेनं आधी क्रीम, मग पापुद्रा, मग कागदाला चिकटलेला चुरा बोटानं टिपून.

“अगं, इकडं बाकावर बसून खा की. टायर काय ताट मागतायत का?”

ती वळली. ओठाच्या कडेला पांढरं लागलं होतं.

“काकू, आता मला खाता येईल. चोपन्न झालं ना. चाकांनी पाऊण किलो कमी केलं. म्हणजे माझं तेवढं कमी करायला नको.” ती थांबली. “गेल्या महिन्यापासून रात्रीचं नुसतं ताक आहे. आई भाजीसुद्धा वाटीनं मोजते. मोजताना रडते, पण मोजते. मग मी विचार केला, सायकलचंच काहीतरी कमी करता आलं तर…”

आप्पांनी पान्हा खाली ठेवला.

मी तिच्याकडे बघत राहिले. दोन दिवस हिच्या हट्टाचा हिशेब मी मनात मांडून ठेवला होता, आणि तो सगळा उलट्या बाजूला लिहिला गेला होता. घड्याळ आईचं नव्हतं. तिचंच होतं. मनगट मागं सरत गेलं होतं आणि पट्टा त्याच्या मागं. विंचरलेल्या केसांतून डोक्याची कातडी दिसत होती. हे सगळं रविवारीही दिसत होतं. मी चाकं विकत होते.

“अजून एक आणू का गं?” मी विचारलं.

“उद्या,” ती म्हणाली आणि हसली. “रोज अर्धा. म्हणजे पुरेल.”

तेवढ्यात थोरवडे आले. पिशवी तिनं टायरांत खुपसली.

“झालं का वजन?”

“झालं, पप्पा. आत आहे.”

“चढ बघू.”

पुन्हा काटा, पुन्हा श्वास. क्रीमरोलचं वजन कितीसं असणार, पण मीही तेवढा वेळ श्वास रोखला. दांडी तरंगली. थोरवड्यांनी दोनदा तपासलं आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदाच सैल झाला. खिशातला रुमाल काढून त्यांनी मान पुसली.

“वा! बघा आप्पा, मी म्हणत होतो की नाही, होईल. चाकांनी एका फटक्यात पाऊण किलो काढलं.” त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. “आता त्रेपन्न.”

ईश्वरी काट्यावरच उभी होती.

“पप्पा, तुम्ही चोपन्न म्हणाला होता.”

“ते जुन्या चाकांवर. आता गाडीच हलकी झाली म्हटल्यावर आकडा तोच ठेवून कसं चालेल? मग चाकं घेऊन फायदा काय?”

“थोरवडे,” मी म्हटलं, “पोरीच्या मनगटाकडे बघितलंत का एकदा?”

“मनगट कशाला बघू, वहिनी? आकडा आहे की समोर.”

“आकड्यात गळलेले केस दिसतात का?”

“तिला संघात जायचंय. तिलाच विचारा. विचारा की!” त्यांचा आवाज चढला, मग त्यांनीच तो खाली आणला. “आमच्यातलं कोण कुठं गेलंय आजवर? मी सतरा गावचा ऊस तोलला, पण कारखान्याच्या फाटकाबाहेर मला कोण ओळखत नाही. हिचं नाव पेपरात आलं तेव्हा साहेबांनी खुर्ची दिली मला. थोडे दिवस कळ काढायची, मग खाऊ दे काय खायचं ते.”

ते वाईट माणूस नव्हते, ही त्यातली अडचण होती. वाईट माणसाला दुकानाबाहेर काढता येतं.

“तुम्ही चाकं विका, वहिनी,” ते म्हणाले. “बाकीचं मी बघतो.”

ईश्वरी उतरली. सायकल ढकलत त्यांच्या मागून गेली.  नवी चाकं आवाज न करता फिरत होती.

मी आप्पांना म्हटलं, “चाकं परत घेऊ या का?”

“घेतली तर पाऊण किलो पुन्हा तिच्याच अंगावरून काढतील,” आप्पा म्हणाले.

शर्यतीच्या सकाळी पायथ्याच्या कमानीपाशी गर्दी होती. आमची जीप मुलींच्या मागून जाणार होती. आप्पा चालवायला, मी मागं चाकांत बसलेली. थोरवडे शेवटपर्यंत सायकलपाशी होते. त्यांनी पोरीच्या बाटलीतलं अर्धं पाणी ओतून टाकलं. शिट्टीच्या आधी मोटारसायकलला किक मारली आणि माथ्यावर जाऊन थांबण्यासाठी निघून गेले. जाताना दोन बोटं दाखवून ओरडले, “पहिल्या दोघींत!”

शिट्टी झाली. पोरी निघाल्या. पहिल्या वळणावर घोळका फुटला, दुसऱ्यावर लांबला. वळणांवर झेंडे घेऊन उभी राहिलेली माणसं आम्हाला ओरडून सांगत होती. ईश्वरी दुसरी. ईश्वरी पहिलीच्या चाकाला. मग एकजण हात उडवत म्हणाला, “थोरवड्यांची पोरगी पुढं गेली! नुसती तरंगतीय!”

मी टाळी वाजवायला हात उचलले आणि तसेच खाली ठेवले.   आप्पांनी गियर बदलला.

घाटाच्या मध्यावर, जिथं रस्ता डोंगराच्या पोटात शिरतो, तिथं पत्र्याचं एक हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे चूल, दोन बाकडी आणि एक म्हातारी मावशी. पत्र्याला टेकवून नवी कार्बनची चाकं असलेली सायकल उभी होती.

“पंक्चर!” मी ओरडले. “सांगत होतात ना तुम्ही, नाजूक आहेत म्हणून!” आप्पांनी करकचून ब्रेक दाबला, मी मागचं चाक उपसून खाली उडी मारली.

ईश्वरी बाकड्यावर बसली होती. हेल्मेट शेजारी.

“मागचं की पुढचं?” आप्पांनी विचारलं.

“दोन्ही ठीक आहेत, आप्पा.”

“मग काय झालं?”

“भूक लागली.”

मावशीनं तिच्यापुढं भाकरी आणि पिठलं ठेवलं. गिऱ्हाइकासाठी अजून कढई चढली नव्हती, हे तिचं स्वतःचं होतं. “सकाळपासनं पोरी नुसत्या पळतात,” ती म्हणाली, “ही एकच शहाणी, थांबली.”

रस्त्यावरून एक पोरगी गेली. मागून दुसरी. दुसरीनं मान वळवून बघितलं आणि जोरात पायडल मारायला लागली. ईश्वरी भाकरीचा तुकडा मोडत होती.

“अगं, तू पहिली होतीस,” मी म्हटलं. माझ्या हातात अजून चाक होतं. “अर्धा घाट राहिलाय. वर जाऊन खा ना. वर सगळं मिळेल.”

“वर पप्पा आहेत, काकू,” ती म्हणाली. “खाली पण पप्पा होते. मधल्या रस्त्यावरच कोणी नाही.”

तिनं घास तोंडात घातला. मी चाक जीपला टेकवून तिच्या शेजारी बसले.  मावशीनं न विचारता दुसरी भाकरी टाकली. उरलेल्या पोरी एकेक करून गेल्या. मग रस्ता रिकामा झाला.

आप्पांचा फोन वाजला. थोरवडे.

“पंक्चर सांगू का?” मी हळूच विचारलं. “कोण तपासतंय?”

“नको.” ती पटकन म्हणाली. “चाकांवर नका घालू. चाकं चांगली आहेत.” तिनं आप्पांच्या हातातून फोन घेतला. “पप्पा, मी जेवतेय. मधल्या हॉटेलात… नाही, पडले नाही. भूक लागली होती.” आणि फोन बंद करून परत दिला.

थोरवडे खाली आले तेव्हा तिची तिसरी भाकरी चालू होती. मोटारसायकल स्टँडवर लावायचंही त्यांना सुचलं नाही, आप्पांनी धरली. ते पत्र्याच्या सावलीच्या कडेला येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता ते ओरडतील. त्यांनी तोंडही उघडलं. पण ती त्यांच्याकडे बघून खात राहिली. लपवलं नाही, घाई केली नाही. हे त्यांना नवीन असावं.

मावशीला काहीच माहीत नव्हतं. तिनं हात पदराला पुसले. “बसा की भाऊ. तुमाला काय देऊ?”

थोरवडे बसले. त्यांच्यापुढं ताट आलं. त्यांनी ते ना पुढं ओढलं ना मागं सारलं. आम्ही निघालो तेव्हा बापलेक समोरासमोर होते आणि एकाच ताटाचा आवाज येत होता.

ती पुन्हा कुठल्याही शर्यतीत उतरली नाही. चाकं थोरवड्यांनी पंधरा दिवसांनी परत आणली. एकटेच आले होते, एका हातात एक, एका हातात एक.

“घ्याल का?”

“ठेवा.”

चाकं ठेवून ते गेले नाहीत. काट्यापाशी उभे राहिले. दांडीवरचं वजन बोटानं शून्यावर आणून ठेवलं.

“घरातला काटा तिनं विहिरीत टाकला,” ते म्हणाले.

मी हसले. मला आवरलं नाही. “बरं केलं.”

“इथं यायलाही नको म्हणते.” ते माझ्याकडे न बघता बोलत होते. “जेवते आता, असं तिची आई सांगते. मी घरात असलो की मात्र ताट घेऊन आत जाते. मग मला कसं कळायचं, वहिनी? बरी होतेय का नाही, हे नुसतं बघून कसं कळतं?”

आयुष्यभर काट्यावर बसलेला माणूस मला हे विचारत होता. माझ्या तोंडात नेहमीसारखा टोमणा आला होता, तो मी गिळला.

“घड्याळाच्या पट्ट्याकडे बघा,” मी म्हटलं. “ती ताट घेऊन गेली तरी मनगट दिसेल. पट्टा कितव्या भोकात आहे तेवढं बघत जा. विचारू नका, मोजू नका. बघा फक्त.”

 बाहेर बेकरीवाला कुणावर तरी ओरडत होता.

“ती भोकं मीच पाडून दिली, वहिनी,” थोरवडे म्हणाले. “खिळा तापवून. ती म्हणायची, पप्पा, घड्याळ सैल होतंय. मी म्हणायचो, आण इकडं.”

आणि ते पायरी उतरून गेले.

या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली. चाकं अजून दुकानात टांगलेली आहेत. लोक वजन विचारतात, मी सांगते, विकत नाही. त्या वर्षी दिवाळीनंतर एका सकाळी मी दुकान उघडत होते. थोरवडे मोटारसायकलवरून कामावर निघाले होते. थांबले नाहीत, नुसता वेग कमी केला. भर रस्त्यात, बेकरीसमोर उभ्या असलेल्या सगळ्या माणसांच्या देखत, एक बोट वर करून ओरडले, “वहिनी! एक भोक मागं!”

माणसं माझ्याकडे बघायला लागली. आतून आप्पांनी विचारलं, “काय म्हणाले गं?”

“काही नाही,” मी म्हटलं. “पोरीचं वजन सांगून गेले.”